पोपट माझ्या आवाजात बोलला

पोपट म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, बोलतो का? माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, तो खातो का, झोपतो का, कोणाला पाहून पिसं फुलवतो, कोणाला पाहून अंग चोरतो, हे काही विचाराल की नाही? आपलीच बोली त्यानं आपल्याला परत ऐकवावी, एवढीच हौस. आता कायद्यानं पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे. बरंच झालं. पण आमच्याकडे एक होता. आणला सासरच्यांनी, वाढवला मी. त्याची हकीकत सांगायला बसले की अजून माझा आवाज चढतो. चढू दे. त्या वेळी तो चढवायची सोय नव्हती.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. पंचायत समित्या आल्या होत्या, गावोगाव जीपगाड्या धुरळा उडवत फिरायला लागल्या होत्या. मी संग्रामपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. दिली धाडजवळच्या एका खेड्यात. घर शेतकऱ्याचं आणि भरलेलं. पेवात ज्वारी, माडीवर कापूस, दावणीला बैल. सासू-सासरे आधीच गेलेले. घरातले कर्ते म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, तिला मी बाई म्हणायची. नवरा धाकटा, भावाच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा. आणि मी त्याहून धाकटी.

भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, ही तिकडची रीत. बोलायचं नाही म्हणजे एक अक्षर नाही. पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीच्या कडेनं जायचं. त्यांनीही माझ्याशी बोलायचं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "पानी आना म्हना." मग बाई मला सांगायची, "पानी आन." मला काही कळवायचं असलं, म्हणजे चहा आणलाय, ताट वाढलंय, तर मी दाराआड उभी राहून बांगड्या वाजवायची. बांगड्या वाजल्या की ओसरीवरच्यांना कळायचं. लग्न होऊन दोन दिवाळ्या गेल्या होत्या आणि ज्याच्या घरात मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होते, त्या माणसानं माझा आवाज कधी ऐकला नव्हता. आज कोणी मला सांगतं की ती मानमर्यादा होती. होती ना. पण ती बांधली कोणाच्या तोंडाला होती, तेही सांगा.

जेवणाचंही तेच. आधी पाहुणे, मग भासरे, मग माझा नवरा, मग गडीमाणसं, मग बाई, मग मी. पाहुणे काय, सकाळ-संध्याकाळ. भासऱ्यांना पंचायत समितीवर जायचं होतं, त्यामुळे येईल त्याला पान वाढलं जायचं. भाकरी संपल्या की पीठ पुन्हा काढायचं असायचं, आणि पिठाच्या डब्याला बाईचा हात लागल्याशिवाय माझा हात लागत नव्हता. पुष्कळदा मी नुसतं कोरड्यास, म्हणजे उरलेलं कालवण, पिऊन निजले. पेवात ज्वारी आणि घरची सून उपाशी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. माहेरी सांगितलं असतं तर म्हणाले असते, भरल्या घरात दिली अन् ही कायले रडते?

आता पोपट. भासरे एकदा चिखलीला एका व्यापाऱ्याच्या घरी गेले होते. त्याच्या पोपटानं "या, बसा" म्हटलं आणि आमच्या भासऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. आपल्याही ओसरीवर असा पोपट पाहिजे. पुढच्या धाडच्या बाजारातून घेऊन आले. पिल्लूच होतं, उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीतून काढलेलं. गळ्याला कंठी यायची होती. विकणारा आमच्या सातपुड्याकडचा होता म्हणे. उडू नये म्हणून त्यानं पंखांची पिसं कातरून दिली होती, आणि पुन्हा वाढली की कातरा, असंही सांगून गेला होता. पिंजरा ओसरीच्या आढ्याला टांगला. सायंकाळी बोक्याच्या भीतीनं तो चुलीजवळच्या खुंटीला यायचा. पिंजरा पुसणं, वाटी धुणं, दाणा घालणं ही कामं अर्थातच धाकटीची. पोपट त्यांचा, घाण माझी.

पहिले दिवस तो पिंजऱ्याच्या मागच्या गजांना चिकटून बसायचा. पिसं अंगाशी इतकी घट्ट की निम्मा दिसायचा. भासरे आणि त्यांची चार टाळकी पिंजऱ्याला वेढा घालून ओरडायची, "राम राम म्हन. म्हन ना बे." काडीनं टोचायचे. जीभ सुटावी म्हणून हिरव्या मिरच्या कोंबायचे. ह्यांना वाटायचं मिरचीनं पोपटाची जीभ पोळते आणि मग तो बोलतो. तो मिरच्या आवडीनं खायचा. तिखट त्याला लागतच नव्हतं. मला दाराआडून हसू यायचं, आणि हसायचीही बंदी. एकदा भासऱ्यांनी लाडानं बोट आत घातलं. त्यानं असं काही धरलं की रक्त निघालं. "नमकहराम साला," भासरे म्हणाले. कसलं नमक आणि कसला हराम? आईच्या पंखाखालून ओढून आणलं, पंख कापले, काडीनं टोचलं, आणि वर त्यानं उपकार मानायचे.

त्याच दिवशी भासऱ्यांनी भिंतीला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दिवाईलोक बोलला तं ठीक. नाई तं देतो सोडून शिवारात."

मुदत दिवाळीपर्यंतची. शिवारात ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. माळ्यामाळ्यावर राखणदार गोफण घेऊन बसलेले. ज्याला उडता येत नाही असा पोपट तिथे सोडायचा म्हणजे काय, हे भासऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. शेतकरी माणूस, त्याला सगळं कळतं. घरात राघू, शेतात चोर.

त्या घरात मीही अशीच आले होते, मागच्या भिंतीला चिकटून. म्हणून असेल, मी त्याच्याकडे टक लावून पाहिलं नाही. दाणे घालायचे आणि पाठ करून भाकरी थापायला बसायचं. पाठ केली की तो खायचा. वळले की थांबायचा. मी वळणं सोडून दिलं. हळूहळू तो मागच्या गजांवरून मधल्या दांडीवर आला. मग पुढे. मग एकदा मी चुलीला फुंकर घालत असताना माझ्या मागे दाणे फोडल्याचा आवाज सुरू झाला, मी वळले, आणि तो थांबला नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा लग्नात झाला नव्हता. लिहायला लाज कशाला वाटावी? नव्हता झाला.

पण बाईचं बघा. तो सायंकाळी एक पाय पोटात घेऊन, पिसं फुगवून बसला की बाई म्हणायची, "ताप आला त्याले." अगं, ताप कसला? भीती गेली म्हणून एका पायावर उभा राहिला. जिवाची भीती असलेला प्राणी दोन्ही पाय टेकून ठेवतो. निजण्याआधी तो चोचीवर चोच घासायचा, जात्यातून दोन दाणे फिरल्यासारखा कुरकुर आवाज यायचा. बाई म्हणाली, "दात खाऊन राह्यला. दात खानारं घराले बरं नाई." पोपटाला दात. मी हे बोलून दाखवलं, बाईशी बोलायची मला परवानगी होती, तर ती म्हणाली, "तूच तं मोठी शाहानी."

मी ओसरीवरून पिंजरा आत आणायला गेले की तो एका अंगाचा पंख आणि त्याच अंगाचा पाय लांब ताणायचा, जसं काही दिवसभर आखडून बसला होता आणि आता सुटला. डोळ्यातली काळी बाहुली लहान-मोठी, लहान-मोठी व्हायची. भासरे म्हणत, डोळे वटारतो. माझ्याकडे पाहून तो डोळे वटारत नव्हता. मान खाली घालून मानेची पिसं उभी करायचा आणि तसाच थांबायचा, की खाजव. मी गजांतून बोट घालायची. त्याच बोटाला त्यानं कधी चोच लावली तर इतक्या हलक्या हातानं... हात नाही म्हणता येणार, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

आणि मग एके दिवशी त्यानं मान वरखाली, वरखाली हलवली आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा लगदा माझ्या बोटावर ओकला. बाईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "रोग झाला. चुलीपाशी नोको ठिवू, धनीले सांगून आजच फेकते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माहेरी शेताच्या बांधावर लहानपण काढलेली. पोपट मादीला कसं भरवतो, पिल्लाला कसं भरवतो, ते मी पाहिलेलं. मी बाईला म्हटलं, "रोग नाई बाई. तो मले चारून राह्यला." बाई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मलाच रोग झालाय. पण फेकायचं तिनं त्या दिवशी सांगितलं नाही.

मी बोट धुतलं. लगेच नाही धुतलं. त्या घरात स्वतःच्या तोंडचं काढून मला देणारा तो पहिला.

त्याच्याशी मी काय बोलायची? मोठं काही नाही. चुलीजवळ आम्ही दोघंच असायचो आणि बाहेर पंगत चाललेली असायची. टोपल्यातल्या भाकरी कमी होताना दिसायच्या. मी हळूच म्हणायची, "भूक लागली का राजा? मले बी लागली." रोज हेच. दुसरं बोलायला होतं काय?

दिवाळी जवळ येत चालली तशी मला धास्ती बसली. हा मुका राहिला तर गेला. म्हणून मी त्याला शिकवायचं ठरवलं. भासऱ्यांसारखा घसा जाड करून चुलीसमोर म्हणायची, "राम राम." बाई पाणी आणायला गेली की "राम राम." तो मान तिरकी करून माझ्याकडे पाहायचा. त्याला कळत होतं की हा माझा आवाज नाही. एका सायंकाळी मी राम राम घोकून थकले आणि गप्प बसून राहिले. बाहेर पाहुण्यांचं हसणं चाललं होतं. आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "भूक लागली का?"

माझाच आवाज. बारीक, जरा नाकात, पण माझाच. मी तिथे चुलीपुढे रडले. धुरानं पाणी आलं म्हणायचीही गरज नव्हती, विचारणारं कोणी नव्हतं. त्या घरात मला कोणी हे विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, बाईनं नाही. विचारलं ते ह्यानं. मला माहीत आहे, त्याला अर्थ कळत नव्हता. माहीत असून रडले.

ओसरीवर मात्र तो तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसायचा. टोचणाऱ्यांपुढे कोण बोलतं? मला वाटलं, बरंय, हे आमच्या दोघांत राहील. राम रामाचं काहीतरी जमवू.

दिवाळीच्या तोंडावर पंचायत समितीतला एक बडा माणूस जीप घेऊन आला. भासऱ्यांच्या उमेदवारीचं ह्याच्याच हातात होतं म्हणे. ओसरीवर सतरंजी, लोड, गावातली चार वजनदार माणसं. माझा नवरा खांबाला टेकून उभा. पाहुण्यांनी पिंजऱ्याकडे पाहून विचारलंच, "बोलते का?"

"शिकवून राह्यलो साहेब," भासरे म्हणाले. "राम राम म्हन बे."

तो बसून राहिला. तेवढ्यात मी चहाचं ताट घेऊन दाराआड आले आणि रीतीप्रमाणे बांगड्या वाजवल्या. भिंतीआड मी दिसत नव्हते, पण त्या बांगड्या त्याला माहीत होत्या. त्यानं पंख ताणला, मान वर केली आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हटलं, "भूक लागली का राजा? मले बी लागली."

पाहुणे खो खो हसले. "काय हो भाऊ, घरातल्या बायामाणसाईले जेवाले देता का नाई?" बाकीचेही हसले. भासऱ्यांचा चेहरा मी फटीतून पाहत होते. ते हसत नव्हते. ते आतल्या दारात उभ्या असलेल्या बाईकडे पाहून म्हणाले, "हा आवाज कोनाचा?" खरंच विचारत होते. त्यांना ठाऊकच नव्हतं. घरात इतके दिवस राबणाऱ्या सुनेचा आवाज त्यांना ओळखू येत नव्हता, आणि त्याचा राग आला तो पोपटाचा.

"लाख पोपट हाय बाप्पा," पाहुणे डोळे पुसत म्हणाले. "असा पोपट तालुक्यात नाई."

भासरे हुशार माणूस. एका दगडात दोन पक्षी. लाजही घराबाहेर जाईल आणि पाहुणाही खूश होईल. म्हणाले, "तुमाले आवडला तं घिऊन जा साहेब. आमची भेट समजा." आणि माझ्या नवऱ्याला मान हलवून खूण केली. माझा नवरा पुढे झाला. ज्या पिंजऱ्याजवळ बसून मी रोज ह्या नवऱ्याची भाकरी थापत होते, तो पिंजरा त्यानं आढ्यावरून काढला. एका शब्दानं विचारलं नाही. आत वळूनही पाहिलं नाही. पोपटानं पिसं अंगाला आवळली, पहिल्या दिवसासारखा अर्धा झाला, आणि किंचाळायला लागला.

मी ताट खाली ठेवलं आणि दारातून बाहेर आले. पदर होता डोक्यावर, तो मी काही काढला नाही. म्हटलं, "पिंजरा ठेवा खाली."

नवरा तसाच उभा. मी पुन्हा म्हटलं, "खाली ठेवा. तो माहा हाय. दाना मी घातला, घान मी काढली. अन् जे बोलला ते खोटं नाई बोलला. तो आवाज माहाच."

भासरे लालबुंद झाले. पण करतात काय? माझ्याशी बोलायचं नाही, ही रीत त्यांचीच. मला शिवी द्यायची तरी माझ्याकडे तोंड करावं लागणार. ते भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "आत जा म्हना."

निरोप सांगायचा तो बाईनं. बाई उंबऱ्यात उभी होती. तिनं सांगितलं नाही. मी तिथेच उभी राहिले. भिंतीला सांगितलेलं भिंतीपाशी राहिलं.

शेवटी पाहुणेच उठले. "राहू द्या, राहू द्या. सुनेचा जीव हाय त्याच्यात." जसं काही मोठं दान देऊन चाललेत. जीप गेली. पुढे ह्या गृहस्थांनी ती गोष्ट तालुकाभर हसतहसत सांगितली, उपाशी सुनेचा पोपट म्हणून. त्यांना करमणूक झाली. भासऱ्यांना उमेदवारी मिळाली नाही, ती दुसऱ्याच कारणानं, पण त्याचं खापर कायम माझ्या माथी. बाईनं निरोप का पोचवला नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण भाकरी संपल्या तर पीठ काढायला मी त्यानंतर थांबले नाही, आणि तिनं डबा उचलून ठेवला नाही.

पिंजरा चुलीजवळ आला तो मग तिथेच राहिला. ओसरीवर पुन्हा गेला नाही. त्याचे पंख मी पुन्हा कोणाला कातरू दिले नाहीत.

त्या दिवशी दिवेलागणीला नवरा चुलीपाशी आला. एरवी तो तिथे यायचा नाही. पिंजऱ्याकडे पाहत उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप येत होता. वाईट वाटायला सोपं असतं. मग तो म्हणाला, "पोपटाले सांगत होती भूक लागते म्हून. मले काऊन नाई सांगितलं?"

मी भाकरी उलटली आणि म्हटलं, "त्यानं विचारलं होतं."